या कादंबरीतला पहिला आरोपी शिक्षक आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकवायला लागून दुसरं वर्ष, समोर पंधरा-सोळा वर्षांची चाळीस मुलं, हातात जर्मन लेखक एरिख मारिया रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ इंग्रजी भाषांतरातून, आणि मिळालेत फक्त बारा तास. निम्मा वर्ग तोफा-बंदुकांच्या पानांवर खूश आहे, उरलेला निम्मा किती पानं राहिली ते मोजतोय. एका पालकांनी ‘इतकं भयानक मुलांना कशाला वाचायला लावता’ अशी चिठ्ठी पाठवली आहे. आणि तुम्हाला हवंय ते हे, की ‘युद्ध वाईट असतं हे मुलांच्या मनावर नीट कसं ठसवू?’

ही कादंबरी मी एकोणीस वर्षं शिकवते आहे, मधली दोन वर्षं सोडली तर दरवर्षी. सुरुवातीला मीही हाच प्रश्न घेऊन वर्गात जायचे, म्हणून तुमच्यावर टीका करतेय असं समजू नका. पण युद्ध वाईट असतं हे तुमच्या मुलांना तुम्ही पुस्तक उघडण्याआधीपासून पाठ आहे. निबंधात लिहून त्यावर त्यांनी गुणही मिळवलेत. तेवढ्यासाठी अख्खी कादंबरी वाचायची गरज नाही. अडचण वेगळी आहे आणि ती तुमच्या-माझ्या बाजूची आहे. या पुस्तकात पहिला आरोपी शिक्षक आहे, आणि ते शिकवायला फळ्यासमोर उभा राहणाराही शिक्षकच.

कांटोरेक आठवा. पहिल्याच प्रकरणात येतो. बुटका, कडक, राखाडी कोटातला वर्गशिक्षक. कवायतीच्या तासाला भाषणं देऊन देऊन त्याने सगळा वर्ग भरतीच्या कचेरीत नेऊन उभा केला. एकटा योझेफ बेम कां-कूं करत होता. शेवटी तोही गेला, कारण मागे राहणाऱ्याला तेव्हा आईबापसुद्धा भित्रा म्हणायला तयार होते. आणि पहिल्यांदा मेला तो बेमच. डोळ्याला लागलं, मेला समजून सोबत्यांनी मागे सोडला, दुपारी हाका ऐकू आल्या तेव्हा तो आंधळा होऊन दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या जागेत सरपटत होता. कोणी पोहोचायच्या आत गोळी लागली. रेमार्क पुढे कांटोरेकला राक्षस करत नाही, हे नीट बघा. त्याच वर्गातला, आता सैनिक झालेला आणि ही गोष्ट सांगणारा पॉल म्हणतो, असे हजारो कांटोरेक होते आणि आपण योग्य तेच करतोय अशी सगळ्यांची खात्री होती.

मी पाचव्या की सहाव्या वर्षी सहामाहीच्या वह्या तपासत होते. प्रश्न होता, पॉलमध्ये कोणता बदल होतो. एक्केचाळीस वह्यांपैकी अडतीसमध्ये एक वाक्य शब्दन् शब्द सारखं निघालं: ‘युद्ध तरुण पिढीच्या स्वप्नांची राखरांगोळी करते.’ वाक्य माझंच होतं. आवाज चढवून, हात वर करून वर्गात म्हटलेलं. मला स्वतःला फार आवडलेलं. कांटोरेकच्या वर्गातल्या मुलांनीही वह्यांत त्याची वाक्यं अशीच उतरवली असणार. माझं वाक्य बरोबर होतं आणि त्याचं चूक, हा फरक मोठा आहे, मान्य. पण मुलं जे करत होती त्यात तसूभरही फरक नव्हता. त्या दिवसापासून या कादंबरीवर मी वर्गात तात्पर्य सांगणं बंद केलं. एवढी एक गोष्ट सांभाळलीत तर पुढचं सगळं तुमच्या पद्धतीने केलंत तरी चालेल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. मुलांचं इंग्रजी कच्चं असेल तर बारा तासांत बारा प्रकरणं होणार नाहीत, नाद सोडा. वर्गात कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, कोणाचं माणूस सैन्यात असेल, तर दुसऱ्या प्रकरणाच्या आधी तुम्हाला ते माहीत हवं, नंतर नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आजोबा जाऊन महिना झालेला. तिला आदल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगितलं, उद्याच्या पानांत एक मुलगा इस्पितळाच्या खाटेवर मरतो, तुला नको असेल तर ग्रंथालयात बस. ती वर्गातच बसली. पण आधी विचारलं होतं म्हणून बसू शकली. आणि तुमच्या परीक्षेत शेवटी ‘युद्धाचे दुष्परिणाम लिहा’ हाच प्रश्न येणार असेल, तर त्याची तयारी शेवटच्या अर्ध्या तासात उरका आणि मुलांना उघड सांगा की ही परीक्षेची तयारी आहे.

सुरुवात इतिहासाने करू नका. मी करायचे. नकाशे, तहांची नावं, साराएवोचा खून, दोन तास त्यातच जायचे आणि मुलांना वाटायचं हा इतिहासाचाच दुसरा तास. पॉलला यातलं काही ठाऊक नसतं, ठाऊक असलं तरी त्याच्या काही कामाचं नसतं. महायुद्ध १९१४ ते १९१८, हे जर्मन बाजूचे सैनिक, समोर फ्रेंच आणि इंग्रज, दोन्हीकडे खंदक, एवढं दोन मिनिटांत सांगा आणि पहिलं पान उघडा.

पहिल्या पानावर जेवण आहे. सगळे खूश आहेत. कंपनीत दीडशे माणसं होती, आचाऱ्याने दीडशेंचं शिजवलं, आणि परत आले ऐंशी. आचारी वाढायला तयार नाही, त्याचा हिशेब दीडशेंचा आहे. मुलं भांडतात, वरिष्ठ येतो, सगळं वाढायला सांगतो, सगळ्यांची चंगळ होते. हे मोठ्याने वाचा आणि काही बोलू नका. वर्ग हसतो, आचारी विनोदीच आहे. मग फळ्यावर फक्त १५० आणि त्याखाली ८० लिहा आणि विचारा, आज जेवण जास्त का आहे? दरवर्षी कोणीतरी पटकन उत्तर देतं आणि देता देता अडखळतं. पुढे सहाव्या प्रकरणाच्या शेवटी हीच कंपनी हजेरीला उभी राहते तेव्हा बत्तीस उरलेले असतात. तो आकडा त्या दिवशी पहिल्या दोन आकड्यांखाली लिहायचा. पुस्तक संपेपर्यंत मी फळ्याचा तो कोपरा पुसू देत नाही. गणिताच्या सरांशी त्यावरून एकदा वाजलंही आहे.

पहिल्या दोन प्रकरणांतले, पॉलचा जखमी वर्गमित्र केमरिख याचे बूट कुठल्याही गाइडमध्ये ‘प्रतीक’ म्हणून सापडतील. प्रतीक हा शब्द पहिले आठ तास वर्गात येऊच देऊ नका. बूट म्हणजे बूट. मऊ, पिवळ्या चामड्याचे, गुडघ्यापर्यंत येणारे. केमरिखचा पाय कापलेला आहे हे त्याला स्वतःला नीट समजलेलं नाही, आणि दुसरा वर्गमित्र म्युलर बूट मागतोय. मुलं म्युलरवर तुटून पडतात: निर्लज्ज, स्वार्थी. पडू दे. मग पॉल म्युलरची बाजू कशी मांडतो ते पुन्हा वाचायला लावा. केमरिखला ते बूट उपयोगी पडणार असते तर म्युलर काटेरी तारेवरून अनवाणी चालला असता, पण ते मिळवायचा विचारही केला नसता. आता उपयोग नाही, आणि चांगले बूट मिळत नाहीत. वर्गात दोन तट पडतात. कोण बरोबर ते सांगू नका. तो वाद मिटवायची घाई हीच आपली जुनी खोड.

बूट पुढे म्युलरकडे जातात. तो मरतो तेव्हा पॉलकडे येतात, आणि पॉलने त्यानंतर ते ट्याडेन या सोबत्याला कबूल केलेले असतात. मी एका मुलाला किंवा मुलीला ‘बुटांची वही’ देते: बूट जिथे दिसतील तो पान नंबर, कोणाच्या पायात, आधीचा कुठे गेला. बस. शेवटच्या आठवड्यात ती वही वर्गासमोर वाचली जाते. प्रतीक म्हणजे काय ते मग शिकवावं लागत नाही.

इथे एक फसलेला प्रयोग सांगून टाकते, कारण तुम्हालाही तो सुचणार. बाकं सरकवून खंदक करणं, चिठ्ठ्या वाटून ‘तू मेलास’ सांगणं, दिवे घालवून तोफांचा आवाज लावणं. मी दोन वर्षं केलं. मुलांना प्रचंड आवडलं. इतकं, की पुढच्या वर्गाची मुलं ‘आम्हाला खंदक कधी?’ म्हणून विचारू लागली. चिठ्ठीत मेलेली मुलं मागच्या बाकावर बसून खिदळत होती, आणि हसण्याशिवाय त्यांनी दुसरं करायचं तरी काय? युद्धाचा खेळ केला की तो खेळच होतो. त्यापेक्षा शांतपणे मोठ्याने वाचलेला एक परिच्छेद जास्त काम करतो, आणि बाकंही हलवावी लागत नाहीत.

बारा तासांत काय वाचावं, तर माझी निवड अशी. पहिलं आणि दुसरं पूर्ण, वर्गात. तिसऱ्यातला हिमेलश्टोसचा प्रसंग. चौथं आणि सहावं या लढाईच्या प्रकरणांतली निवडक पानं. पाचव्यातला शाळेच्या प्रश्नांचा भाग. सातवं जवळजवळ पूर्ण. नववं पूर्ण. अकराव्याचा शेवट आणि बारावं एकाच तासात. उरलेलं घरी. न वाचून येणारे असतातच, त्यांच्यासाठी तासाच्या सुरुवातीला एखाद्या विद्यार्थ्याने तीन मिनिटांत मधली गोष्ट सांगायची.

पाचव्यातली ती पानं वगळू नका. लढाई नाही म्हणून बहुतेक जण वगळतात. मुलं निवांत बसली आहेत आणि म्युलरला हुक्की येते, तो शाळेतले प्रश्न विचारू लागतो. मेलबर्नची लोकसंख्या किती? कोणाला नीट येत नाही. मग वर्गाचा हिशेब निघतो: वीस जणांपैकी सात मेले, चार जखमी, एक वेड्यांच्या इस्पितळात. पुढे पॉल म्हणतो, पावसात सिगारेट कशी पेटवायची, ओल्या लाकडांचा जाळ कसा करायचा, संगीन पोटात खुपसलेली बरी कारण बरगड्यांत ती अडकते, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही. हे वाक्य झाल्यावर मी आमच्याच शाळेतली एखादी प्रश्नपत्रिका, शक्यतो मी स्वतः काढलेली, टेबलावर ठेवते आणि विचारते, यातलं काय त्याला तिथे उपयोगी पडलं असतं? पहिली पाच मिनिटं मुलं सूड उगवतात. शाळेवर तोंडसुख घ्यायची संधी कोण सोडेल. पण नंतर हमखास कोणीतरी उलटा प्रश्न टाकतं: त्याला तिथे जे आलं, ते घरी परतल्यावर कुठे उपयोगी पडणार होतं?

इथे कादंबरीची जात समजते. तरुण मुलगा घराबाहेर पडतो, ठेचा खातो, शहाणा होतो आणि जगात आपली जागा शोधतो, अशा घडणीच्या कादंबऱ्यांची परंपरा जर्मन भाषेत फार मोठी आहे. रेमार्क तोच साचा घेतो आणि शेवटची पायरी काढून टाकतो. पॉल शिकतो, झपाट्याने शिकतो. सैन्यातल्या दहा आठवड्यांनी शाळेच्या दहा वर्षांपेक्षा जास्त बदल केला, असं तोच म्हणतो. पण त्या शिक्षणाला जगात जागा नाही. सातव्या प्रकरणात तो रजेवर घरी येतो, स्वतःच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटासमोर बसतो, जुनं काहीतरी परत येईल म्हणून वाट बघतो. एकेक पुस्तक काढतो, ठेवतो. काही येत नाही. याच खोलीत त्याने लिहायला घेतलेलं नाटक आणि कवितांची चवड पडलेली आहे. तुमच्या वर्गातही चोरून कविता लिहिणारी दोन-तीन मुलं असतील. त्या दिवशी त्यांच्याकडे बघायचं टाळा.

सातव्या प्रकरणात शपथेचाही प्रसंग आहे. केमरिखची आई विचारते, माझा मुलगा कसा गेला? पॉल सांगतो, तत्क्षणी, वेदनेशिवाय. तिला खरं वाटत नाही. ती शपथ घ्यायला लावते आणि तो बिनदिक्कत घेतो. मुलांना त्या रात्री एकच गृहपाठ: केमरिख गेला त्या दिवशी पॉलने त्याच्या आईला पत्र लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं. बारा ओळी. निम्मी मुलं खोटं लिहितात, काही सगळं खरं लिहितात, आणि एक-दोघं दरवर्षी खरंही नाही आणि खोटंही नाही असं काहीतरी शोधून काढतात. या गृहपाठाला मी गुण देत नाही.

आता हाणामारीवर खूश असणाऱ्या तुमच्या मुलांबद्दल. त्यांना रागावू नका, ते प्रामाणिक आहेत. लढाईची पानं खिळवून ठेवतील अशीच लिहिली आहेत. त्यांच्यासाठी तिसरं प्रकरण आहे. हिमेलश्टोस हा आधीचा पोस्टमन, आता कवायत घेणारा छळवादी. मुलं त्याला रात्री अंधारात गाठतात, डोक्यावर चादर टाकतात आणि बदडून काढतात. हे वाचताना सगळा वर्ग हसतो, पानं मोजणारा निम्माही हसतो, मीही हसते. हसून झालं की विचारा, आत्ता आपल्याला मजा का आली? एवढंच. ‘मारहाण वाईट’ वगैरे पुढे जोडू नका. पुढे सातव्यात कांटोरेक स्वतः भरती होऊन येतो आणि त्याचाच जुना विद्यार्थी मिटेलश्टेट त्याच्याच भाषणातली वाक्यं त्याला ऐकवत कवायत करून घेतो, तिथे पुन्हा हसू फुटतं. तेव्हा पहिलं हसू आठवून द्या.

नवव्या प्रकरणावर मात्र मनापासून वेळ घाला. खड्ड्यात लपलेल्या पॉलच्या अंगावर एक फ्रेंच सैनिक कोसळतो. पॉल घाबरून सुरा मारतो, आणि मग तो माणूस कित्येक तास त्याच्यासमोर मरत राहतो. पॉल त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो, तो गेल्यावर त्याच्या पाकिटातले बायको-मुलीचे फोटो बघतो, नाव वाचतो: जेरार दुवाल, छापखान्यात खिळे जुळवणारा. पॉल त्या प्रेताला वचनं देतो. आता मीच छपाईचं काम करीन, तुझ्या घरच्यांसाठी काहीतरी करीन. जगभरच्या वर्गांत हा उतारा इथे थांबवतात. मीही थांबवायचे. डोळे ओले झालेले असतात, घंटा व्हायला पाच मिनिटं असतात, संदेश आयता मिळालेला असतो.

पण रेमार्क तिथे थांबत नाही. पॉल परत आपल्या खंदकात येतो, सोबत्यांना सगळं सांगतो. ते त्याला समोर नेम धरून बसलेला ओएलरिख दाखवतात. आपण आज किती टिपले याचा तो हिशेब ठेवतोय, मजेत आहे. आणि पॉल म्हणतो, मला असं वाटलं ते त्याच्याबरोबर इतका वेळ पडून राहावं लागलं म्हणून. शेवटी युद्ध ते युद्ध. बंदुकीचा कोरडा आवाज होतो. प्रकरण संपतं.

हे पान वाचून वर्ग चिडतो. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, “मग रात्रभर रडला तो काय नाटक होतं?” मी गप्प राहिले, फार अवघड गेलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “नाटक नव्हतं. पण ते लक्षात ठेवलं तर उद्या तो जगू शकणार नाही.” त्यावर तिसरा म्हणाला, “विसरला तरी जगत नाहीच.” तो पुढचं वाचून आला होता. पुस्तकाचा शेवट फोडला म्हणून त्याच्यावर सगळे ओरडले, आणि तास संपला. या तीन वाक्यांत जे आलं ते मी तासभर बोलूनही सांगू शकले नसते. म्हणून विनंती आहे: दुवालचा प्रसंग शिकवणार असाल तर पुढचं पान वाचाच. नसेल वाचायचं तर सगळाच वगळा.

शेवट. अकराव्या प्रकरणात पॉलचा सगळ्यात जवळचा, वयाने मोठा सोबती काट जखमी होतो, पॉल त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणतो. वाटेत एक बारीकशी कपची काटच्या डोक्यात शिरलेली असते, पॉलला पत्ताच नसतो. तिथला माणूस विचारतो, नातेवाईक होतात का? पॉल म्हणतो, नाही, आम्ही नातेवाईक नाही. इथे मी वाचायची थांबते आणि पाच-दहा सेकंद काही करत नाही. मग लगेच बारावं, ते दोन-अडीच पानांचंच आहे.

बाराव्याच्या अखेरीस व्याकरण शिकवा. खरोखर व्याकरण. कादंबरी पहिल्या पानापासून ‘मी’ सांगतोय, बहुतेक वर्तमानकाळात. शेवटच्या दोन छोट्या परिच्छेदांत एकाएकी ‘तो’ येतो आणि भूतकाळ येतो: तो ऑक्टोबर १९१८मध्ये पडला, ज्या दिवशी आघाडी इतकी शांत होती की लष्करी पत्रकात एकच वाक्य होतं. मुलांना सांगा, हेच दोन परिच्छेद ‘मी’ वापरून लिहा. दोन मिनिटांत पेनं थांबतात. एका मुलाने ‘मी पडलो’ लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. निवेदक, काळ, पुरुष हे शब्द त्यांनी आठवीपासून पाठ केलेले असतात. ते कशासाठी असतात ते इथे कळतं.

मग शीर्षकावर या. मूळ जर्मन शीर्षकात ‘शांत’ हा शब्दच नाही. ते शब्दशः ‘पश्चिमेकडे नवीन काही नाही’ असं आहे, लष्करी पत्रकांच्या ठोकळेबाज भाषेतलं. ‘ऑल क्वाएट’ ही इंग्रजी भाषांतरकार ए. डब्ल्यू. व्हीन यांची देणगी. ते स्वतः त्याच महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्यात लढलेले होते. मुलांना मराठी शीर्षक करायला सांगा. ‘पश्चिम आघाडीवर सामसूम’, ‘सारे काही शांत’ अशी बरीच येतात. एका मुलाने लिहिलं होतं, ‘पश्चिमेकडे बाकी विशेष काही नाही’. पत्राच्या शेवटी आपण लिहितो तसं. ख्यालीखुशाली, तब्येती, हवापाणी, बाकी विशेष काही नाही. त्या ‘बाकी’मध्ये पॉल गेला. मी इतकी वर्षं हे पुस्तक वाचते आहे, मला ते सुचलं नव्हतं.

आतापर्यंतचं आवरतं घेते: आधी गोष्टी मोजायच्या (माणसं, बूट), मग वाद होऊ द्यायचे, मग भाषेकडे बघायचं, आणि निष्कर्षाच्या जागी तुम्ही गप्प. उरलेल्या काही बारीक गोष्टी.

चित्रपट शेवटी दाखवा किंवा दाखवूच नका. १९३०च्या अमेरिकी चित्रपटात पॉल फुलपाखराकडे हात नेतो आणि गोळी लागते. पुस्तकात हे नाही. २०२२च्या जर्मन चित्रपटात रजेचं प्रकरण नाहीच, आणि पॉल युद्धबंदीच्या अगदी शेवटच्या क्षणांत मरतो, म्हणजे ‘त्या दिवशी काहीच घडलं नाही’ हा पुस्तकाचा कणाच गेला. पुस्तक न वाचता चित्रपट बघून आलेली मुलं उत्तरपत्रिकेत यावरूनच सापडतात.

‘हे खरं घडलं का?’ हा प्रश्न येणारच. रेमार्क पॉलसारखा स्वखुशीने गेला नव्हता. नोव्हेंबर १९१६मध्ये, अठराव्या वर्षी, सक्तीच्या भरतीत गेला. जून १९१७मध्ये आघाडीवर पोहोचला आणि ३१ जुलैला तोफगोळ्याच्या कपच्यांनी जखमी झाला. पुढचा बराच काळ इस्पितळात. युद्धानंतर त्याने वर्षभराहून थोडा जास्त काळ प्राथमिक शाळेत शिक्षकाची नोकरी केली. कांटोरेक लिहिणारा माणूस स्वतः फळ्यासमोर उभा राहून आला होता, हे मी मुलांना सांगते. सहकाऱ्यांना मुद्दाम सांगते.

पुस्तकाचं पुढे काय झालं तेही शेवटच्या तासाला सांगा, आधी नाही. जानेवारी १९२९मध्ये ते ग्रंथरूपात आलं आणि वर्ष-दीड वर्षात लाखांनी खपलं. डिसेंबर १९३०मध्ये बर्लिनमध्ये चित्रपट लागला तेव्हा नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर आणि दुर्गंधीचे गोळे सोडले, आणि काही दिवसांतच सरकारने चित्रपटावर बंदी घातली. १० मे १९३३ला पुस्तक जाहीरपणे जाळलं गेलं. ती होळी आयोजित करण्यात जर्मन विद्यार्थी संघटना पुढे होती. मुलं हे ऐकून विचारतात, ‘विद्यार्थ्यांनी?’ हो, विद्यार्थ्यांनी. त्यांनाही कोणीतरी शिकवलं असणार. एवढं म्हणून मी पुढच्या मुद्द्याकडे जाते.

काही प्रसंग नाजूक आहेत: नदीपलीकडच्या फ्रेंच बायका, इस्पितळातलं जोडपं, पहिल्या प्रकरणातला उघड्यावरचा शौचाचा प्रसंग. पहिल्या अमेरिकी आवृत्तीतूनही असे काही भाग गाळले होते, म्हणजे ही काळजी जुनीच आहे. मी ते मोठ्याने वाचत नाही, पुस्तकातून फाडतही नाही. कोणी विचारलं तर सरळ उत्तर देते.

राहिली ती चिठ्ठी. तिला चिठ्ठीने उत्तर देऊ नका, आणि ‘अभ्यासक्रमात आहे’ असं तर मुळीच सांगू नका. त्यांना भेटायला बोलवा आणि सातव्या प्रकरणाच्या शेवटची पानं हातात द्या. रजेची शेवटची रात्र, आजारी आई अंधारात मुलाच्या खाटेशी येऊन बसते, आणि जाताना सांगते, तुझ्यासाठी लोकरीच्या दोन आतल्या विजारी आणल्यात, ऊब राहील. माझ्याकडे असेच एक गृहस्थ तावातावाने आले होते. खुर्ची दिली, बसले नाहीत. दाराशी उभ्यानेच ती तीन पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “दोन दिवस ठेवून घेऊ का?” ती प्रत अजून परत आलेली नाही.